चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनाही अभ्यासिका हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. परंतु याच पेठांत खोली घेऊन राहणाऱ्या कला महाविद्यालयांच्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी पाचनंतर काम करायला हक्काची जागा नाही, याकडे आपल्या दैनिकातून लक्ष वेधावेसे वाटते.

मी मूलभूत अभ्यासक्रमाच्या वर्षात शिकते. "दिवसभर चित्रंच काढता, मग घरी कसला अभ्यास?" असे नातेवाईक आपुलकीने विचारतात, म्हणून आमचा एक दिवस सांगते.

सकाळचा तास स्थिरचित्राचा होता. टेबलावर तांब्याची कळशी, दोन कांदे आणि चुण्या पाडून पसरलेले पांढरे कापड मांडलेले होते. कळशीच्या तोंडाचे लंबवर्तुळ आणि तिच्या बुडाची वक्ररेषा सारखी नसते. डोळ्यांच्या पातळीपासून जितके खाली जावे तितके वर्तुळ अधिक उघडे दिसते, आणि एवढी एक गोष्ट हाताला कळेपर्यंत माझे तीन कागद खर्ची पडले. मग सरांनी सगळ्यांना डोळे किलकिले करून बघायला सांगितले. तसे पाहिल्यावर बारकावे नाहीसे होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. तेव्हा लक्षात आले की पांढऱ्या कापडाची सावलीतली घडी ही तांब्यावर चमकणाऱ्या ठिपक्यापेक्षा कितीतरी गडद आहे. मन मात्र "कापड पांढरे, कळशी काळपट" असेच घोकत होते. पाहायला शिकणे म्हणतात ते हेच असावे, आणि ते पुस्तकातून येत नाही. 1919 साली जर्मनीतल्या वायमार शहरात बाउहाउस ही संस्था सुरू झाली, तेव्हा योहानेस इटेन यांनी तिथल्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना आधी प्रत्यक्ष साहित्य हाताळायला लावले, त्यामागेही हाच विचार होता.

दुपारी पोस्टर कलरने काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची छटापट्टी करायची होती. काळा आणि पांढरा रंग सारखा घेतला की मधली करडी छटा मिळेल, हा समज पहिल्याच चौकोनात खोटा ठरतो, कारण पांढऱ्यात ब्रशच्या टोकावर मावेल इतका काळा पडला तरी तो झपाट्याने गडद होतो. शिवाय रंग वाळला की छटा बदलते, त्यामुळे पट्टी ओली असताना जुळलेली पायरी वाळल्यावर शेजारणीत मिसळून जाते. अर्धवट राहिलेली छटा दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी कालवणे जवळजवळ अशक्य असते. हे काम एका बैठकीतच पुरे करावे लागते.

आणि पाच वाजता स्टुडिओला कुलूप लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आधी दुसरी तुकडी बसत असल्याने आमची मांडणीही मोडली जाते. कळशी परत त्याच जागी ठेवता येते, पण कापडाच्या चुण्या पुन्हा तशा पडत नाहीत. आम्ही चौघी एका खोलीत राहतो. बावीस बाय पंधरा इंचांचा कागद लावलेला बोर्ड कॉटवर टेकवला, तर दुसरीला बसायला जागा उरत नाही. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फिकट पिवळा आणि पांढरा वेगळा ओळखू येत नाही. स्टुडिओतल्या उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा स्थिर प्रकाश कोणत्याही खोलीत मिळणार नाही, हे मान्य. पण निदान पांढऱ्या ट्यूबलाइट तरी असाव्यात.

म्हणून महापालिकेला विनंती आहे की, संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या एखाद्या शाळेचे सभागृह पाच ते नऊ या वेळेत आम्हाला वापरायला द्यावे. पाण्याचा नळ, धुता येईल अशी फरशी आणि मांडणी दोन-तीन दिवस न हलवता ठेवता येईल असा एक कोपरा, एवढेच पुरेल. आम्ही माफक शुल्क भरू, आणि जागा स्वच्छ करूनच बाहेर पडू. महाविद्यालयांनीही आपले स्टुडिओ आठवड्यातून तीन दिवस तरी आठपर्यंत उघडे ठेवावेत. देखरेखीची अडचण असेल तर वरच्या वर्गातले विद्यार्थी पाळीपाळीने थांबायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे.

आपली नम्र,
मूलभूत अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी,
नारायण पेठ, पुणे