मास्तर, कादंबरी रखडली आहे

पुणे, आषाढ वद्य

प्रिय मास्तर,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. ‘नवी कादंबरी कुठवर आली?’ हा प्रश्न टाळत होतो, म्हणून उत्तर लांबलं. रखडली आहे. आणि या खेपेला दोष आळसाचा नाही.

मध्यंतरी प्रकाशकाकडे गेलो होतो. अप्पा बळवंत चौकातला तोच अंधारा जिना, खाली गाइडं घ्यायला उडालेली तीच झुंबड. पहिली आवृत्ती पाचशेची, म्हणाले. आपल्या उमेदीत हजार म्हणजे अगदी गरिबाघरची आवृत्ती! तेही पचवलं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही भरून आलं होतं, पण दर्जामुळे खप वाढतो असं मानायला मी काही कालचा पोर नाही.

निघताना तिथला तरणा मुलगा (भला आहे, चहा स्वतः आणतो) म्हणाला, “सर, कादंबरीतल्या आठ-दहा ओळी काढून द्या ना. कार्डं करू, लोक स्टेटसला ठेवतील.”

घरी येऊन हस्तलिखित घेऊन बसलो. नायक तुला ठाऊक आहे, शनिवारातल्या छापखान्यातला म्हातारा कंपोझिटर. न बघता केसमधून, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, खिळे (शिशाची सुटी अक्षरं) उचलणारा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, त्या छोट्या पट्टीत, उलट्या ओळी जुळवणारा, काना-मात्रा अंगठ्याने चाचपणारा. या माणसाने उभ्या जन्मात सुविचार उच्चारलेला नाही. पगार थकला की “बघू” म्हणतो. बायको गेली, लोक समाचाराला आले, पुढे काय म्हणून विचारू लागले, तेव्हाही “बघू”च म्हणाला. त्याचं कार्ड कसं करायचं? बरीच पानं चाळल्यावर चार ओळी सापडल्या, चौकटीत चपखल बसतील अशा. चारही त्याच्या तोंडी शोभत नव्हत्या. खोडल्या. पण तेव्हापासून पंचाईत अशी, की नवं वाक्य सुचलं आणि जरा गोड लागलं की संशय येतो: हे म्हाताऱ्याचं की स्टेटसचं?

वाचक आटले म्हणून मी रडत नाहीये रे. आनंदाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतल्या यमूची कहाणी त्यातून हप्त्याहप्त्याने दिली. त्या काळी वाचता येणाऱ्या बायका होत्या तरी किती? वाचकसंख्येच्या हिशेबाने हरिभाऊंनी लेखणी हातात धरायलाच नको होती. पण यमू स्वतःच्या तोंडाने सगळं सांगते, घरगुती, पसरट, माहेर-सासरच्या बारीकसारीक कटकटींसकट, आणि तिची कड येते ती त्या पसाऱ्यातूनच. मधली दोन वाक्यं उचलून रंगीत कागदावर छापलीस तर हाती काय लागेल?

खरा भ्रमनिरास माझ्याबद्दलचा आहे. परवा यमू पुन्हा वाचायला घेतली. पंधरा-वीस पानांवर हात आपोआप फोनकडे गेला. कुणाचा निरोप नाही, फोन नाही, काही नाही. उगाच! ज्याला स्वतःला बैठक मारून वाचता येत नाही, त्याने लोकांकडे तीनशे पानांची बैठक कोणत्या तोंडाने मागायची? याचं उत्तर मला सुचलेलं नाही. तूर्त सकाळी फोन हिच्या ताब्यात देतो. ती खूश आहे.

शहराचं म्हणशील तर वाडे पडले, मंडईखालून मेट्रो धावते. त्यावर गळा काढणारे पुण्यात पुष्कळ आहेत. वाड्यातला सामायिक संडास मात्र कुणाला आठवत नाही.

आता एक काम. तुझ्या अण्णांनी हयात छापखान्यात काढली, त्यांना विचार: छापायच्या पानांचा फॉर्म अर्धा जुळवून झाला आणि एखाद्या अक्षराचे खिळेच संपले, तर ते काय करायचे? दुसरा एखादा खिळा उलटा घालून जागा राखायची पद्धत होती असं मी ऐकलंय. त्यांच्याकडे तसंच करत का? आणि मग मुद्रितात तिथे नेमकं काय उमटायचं? माझा म्हातारा सध्या ‘ळ’ संपून बसलाय. जरा लवकर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
लेखकू (नाव तूच ठेवलंयस, निस्तर)