बॉम्बशोधक पथकाभोवती गर्दी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्टेशनवर नाहीतर एसटी स्टँडवर बेवारस बॅग दिसली की आधी गर्दी जमते मग पोलिस येतात, आणि बॉम्बशोधक पथक आलं की लोकं मागं सरायचं सोडून मोबाईल काढून पुढं घुसतात. बॅगेत कपडे निघाले की सगळे हसत घरी. मला याचा खरंच राग येतो, कारण या कामाची अवजारं कशी तयार झाली ते मी बरंच वाचलंय.

१९४० च्या सप्टेंबरपासून जर्मन विमानं लंडनवर रोज बॉम्ब टाकायला लागली, त्यातले बरेच पडून नुसते रुतायचे. काही बिघडलेले असायचे पण काही मुद्दाम उशिरा फुटणारे. १७ नंबरच्या फ्यूजमध्ये (फ्यूज म्हणजे बॉम्ब फोडणारा भाग) घड्याळ असायचं, ते ७२ तासांपर्यंत चालायचं आणि तेवढा वेळ कारखाना बंद, रेल्वे बंद, आख्खी गल्ली रिकामी. मग ब्रिटिश सैन्याच्या इंजिनिअर दलाचे जवान स्टेथोस्कोप लावून टिकटिक ऐकायचे आणि घड्याळ थांबवायला बाहेरून भलंमोठं इलेक्ट्रिक चुंबक लावायचे. त्यावर जर्मनांनी फ्यूजखाली झुस-४० नावाचा सापळा बसवला, फ्यूज उपसला की स्फोट! म्हणून मग फ्यूजला हातच न लावता बॉम्बच्या कवचाला भोक पाडायचं आणि वाफ सोडून आतलं स्फोटक पातळ करून बाहेर काढायचं, असं यंत्र आलं. १९४३ ला वाय फ्यूज आला, तो नुसता हलला तरी फुटायचा, तर त्याची बॅटरी द्रवरूप ऑक्सिजनने गोठवून बंद पाडली. हे सगळं शिकताना माणसं गेली हो. बॉम्ब निकामी करायचं काम करणारे ब्रिटिश सरदार, सफोकचे अर्ल चार्ल्स हॉवर्ड, त्यांची सेक्रेटरी आणि ड्रायव्हर १२ मे १९४१ ला एकाच स्फोटात गेले.

मेटल डिटेक्टरचंही तसंच. कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधायचा डिटेक्टर बनवला, पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला फुकट देऊन टाकला आणि १९४२ ला इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत तो कामाला आला.

आणि हे फक्त गोऱ्यांचं नाही. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे (सैन्याच्या इंजिनिअर तुकडीचे) सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ ला आफ्रिकेत ५५ मैलांच्या रस्त्यावरचे १५ सुरुंगपट्टे सलग चार दिवसांत साफ करून घेतले, गाडी दोनदा सुरुंगावर उडाली तरी थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकी आपल्यापासून लांब नाही, तरी आपल्या पोरांना हे नाव माहीत नाही याचं वाईट वाटतं.

माझी दोन म्हणणी आहेत. पोलिसांनी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एक स्टॉल लावून पथकाचा सूट, डिटेक्टर लोकांना जवळून दाखवावा, म्हणजे बघायची हौस तिथं फिटेल. आणि तुम्ही बेवारस बॅगेची बातमी छापताना गर्दीचा फोटो छापू नका, त्या जागी बॅग दिसली तर किती लांब थांबायचं आणि कुठल्या नंबरला फोन करायचा ते पोलिसांना विचारून चौकटीत द्या.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर