नोटीस बजावली की जबाबदारी संपली?

महोदय,
३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी: तिन्ही ठिकाणी वस्तीवर दरड कोसळली. दर वेळी क्रम तोच: मंत्र्यांचे दौरे, वारसांना मदत, मग घरांची प्रतीक्षा. इर्शाळवाडीत शोधकार्य चार दिवसांत थांबवावे लागले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. पण यादीत असलेल्यांना तरी काय मिळते? पावसाच्या तोंडावर स्थलांतराची नोटीस. गुरे कुठे बांधायची, खाचरातली लावणी कोणी करायची, याचे उत्तर त्या कागदावर नसते. मग लोक घर सोडत नाहीत आणि दोष त्यांच्याच माथी येतो. (सोयीचे आहे!) २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीइतकीच प्रतिबंधाची आणि पूर्वतयारीचीही जबाबदारी शासनावर आहे. तेव्हा धोक्यातल्या वाड्यांसाठी जागा दरड कोसळण्याआधी संपादित करावी, तीही शेतापासून चालत जाता येईल इतकी जवळ. आणि कोणत्या वाडीला घरे कोणत्या वर्षी मिळणार, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.

– एक वाचक, महाड