मी इथं उभी आहे, म्हणजे गाडीही इथंच आहे

कंडक्टरताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. छातीवरचा बिल्ला दिसला होता, पण नंबर वाचून ठेवायचं तेव्हा सुचलं नाही, आणि आता वाटतं, ते बरंच झालं. त्या संध्याकाळी तुमची गाडी माझ्यामुळे बारा मिनिटं खोळंबली होती. त्याचा जाब कुणी तुम्हाला विचारू नये म्हणून तारीख आणि स्थानकाचं नाव लिहीत नाही. एसटीची कोल्हापूर-पुणे हिरकणी गाडी, मधलं एक मोठं स्थानक, आणि खिडकीजवळ निळी ओढणी घट्ट गुंडाळून बसलेली बाई. एवढ्यावरून तुम्हाला आठवेल.

त्याला चार महिने झाले. भांडी घासताना, ट्रॅफिकमध्ये, लेकीला थोपटताना हे पत्र मनात किती वेळा लिहिलं असेल. दर वेळी "धन्यवाद"पाशी येऊन अडायचं. तो शब्द फार तोकडा पडतो.

मी पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघते. आमचं कास्टिंग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून येतं, त्यामुळे महिन्यातून दोनदा कोल्हापूर ठरलेलं. पहाटे निघायचं, एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी रात्री घरी. लग्नाआधीपासून हेच काम करते आहे आणि मला ते मनापासून आवडतं. भट्टीतून ओतलेला रस साच्यात थंड होताना बघणं, कास्टिंगवर हात फिरवून ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, कुठे असेल ते ओळखणं, हे मी सात वर्षांत कमावलं आहे. मूल झालं म्हणून ते सोडून द्यावं असं मला एकदाही वाटलं नाही. माझा नवराही टूरवर जातो. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, "मग घरी कसं जमतं?"

मला २६ आठवड्यांची रजा मिळाली. २०१७च्या दुरुस्तीपासून तो कायद्यानं हक्कच आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं, हेही त्याच दुरुस्तीत आहे. चांगला कायदा आहे. पण त्याच्या डोळ्यांसमोरची आई एका जागी बसून काम करणारी आहे. पाळणाघर पुण्यात आणि मी सव्वादोनशे किलोमीटर लांब शिरोलीत, तर त्या चार वेळा मी कशा गाठायच्या? अंगावर पिणारं मूल घरी असलं की दूध टूरचं वेळापत्रक बघून येत नाही. तीन-चार तास झाले की छाती दगडासारखी होते, मग गाठी धरतात, मग थंडी वाजून ताप. म्हणून त्या काळ्या चौकोनी पिशवीत दूध काढायचा पंप, दोन बाटल्या आणि बर्फाचे पॅक घेऊन मी फिरायचे. घरी सासूबाई फ्रीजरमधल्या बाटल्यांवरची तारीख चष्मा लावून वाचायच्या आणि जुनी बाटली आधी काढायच्या. त्यांच्या पिढीत हे कुणी केलं नव्हतं. त्या शिकल्या.

जे शिकू शकले असते ते मात्र शिकले नाहीत. आठ मार्चला ऑफिसात मला स्टेजवर बोलावून गुलाब दिला, "आमची आजची हिरकणी" असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं, फोटो काढले. त्याच आठवड्यात मी साहेबांना विचारलं, टूरवर तिथल्या ऑफिसात मला दर तीन तासांनी पंधरा मिनिटं आणि कडी लागणारी एखादी खोली मिळेल असं तुम्ही कळवाल का? ते म्हणाले, "अगं, हे मी त्या लोकांना कसं सांगू? ऑकवर्ड होतं." मग मी स्वतःच सांगितलं. एका ठिकाणी मला संडास दाखवला. झाकणावर बसून, पंप मांडीवर धरून, बाहेरून दोनदा दार ठोठावल्यावर जेमतेम तीस मिली निघालं. ज्या जागी कुणी घोटभर पाणी पिणार नाही, तिथं मी माझ्या लेकीचं जेवण काढत होते. ते दूध मी बेसिनमध्ये ओतून दिलं. ओतताना हात थरथरत होता. ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगते आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तुमच्या गाडीत बसले.

किणी टोलनाक्याच्या अलीकडेच गाडी अडकली. रस्त्याच्या सहापदरीकरणाचं काम, एकच लेन चालू, पुढे ट्रकांची रांग. पंप करून सहा तास होऊन गेले होते. ब्लाउजचा काठ काचायला लागला होता. आणि मागच्या सीटवर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. ज्यांनी अंगावर पाजलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुसऱ्याचं मूल रडलं तरी पान्हा फुटतो. ओढणीची घडी करून मी छातीशी दाबून धरली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तुम्ही तिकिटाला आलात. मी म्हटलं, "पुणे, एक." तुम्ही मशीनवर बोटं चालवलीत, अर्ध्या भाड्याचं तिकीट फाडलंत, आणि देता देता तुमची नजर ओढणीवर गेली. आवाज एकदम खाली आणून विचारलंत, "लेकरू केवढं हाय?"

"आठ महिन्यांचं."

"घरी?"

"हो."

तुम्ही पुढच्या सीटकडे गेलात. मला वाटलं, संपलं. पण स्थानकात गाडी लागली तेव्हा तुम्ही सरळ माझ्यापाशी आलात आणि म्हणालात, "ती पिशवी घ्या आन् चला." मी म्हटलं, "गाडी सुटेल हो. मला कमीत कमी दहा मिनिटं लागतील." तुम्ही उत्तर दिलं नाहीत. खाली उतरलात, मी मागोमाग. डायव्हरदादांना वरच्या वर सांगितलंत, "च्या घ्या तवर." बाळाला पाजण्यासाठी स्टँडवर असलेल्या हिरकणी कक्षाचं दार ढकलून आत कुणी नाही ना बघितलंत, मला आत घातलंत, आणि दार ओढून घेताना ते वाक्य बोललात.

"मी हितं उभी हाय, म्हंजी गाडी बी हितंच हाय. सावकाश करा."

त्या वाक्यानं काय केलं ते सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. जीव धास्तावलेला असला की पान्हा सुटत नाही. छाती भरून ठणकत असते तरी पंपात थेंब पडत नाही. सहा तासांची घाई, सामान गाडीत, शेवटची वेळेत पोहोचवणारी गाडी, या सगळ्यात मी त्या खोलीत एकटी असते, तर सगळं लक्ष बाहेरच्या दोन घंट्यांकडे लागलं असतं आणि हाती काही आलं नसतं. पण कंडक्टरनं घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. घंटी मारणारी बाईच माझ्या दाराला पाठ लावून उभी होती. दाराच्या खालच्या फटीतून तुमच्या टाचा दिसत होत्या. धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, त्यातल्या डावीचा अंगठा नवा शिवून घेतलेला. तुम्ही पाय बदललात की चामडी पिशवीतली चिल्लर खुळखुळायची. मी डोळे मिटले आणि तो आवाज ऐकत राहिले. मिनिटभरात दूध सुटलं, दोन्ही बाजूंनी.

बाहेरून एका माणसाचा आवाज आला, "बाई, आमास्नी बी घरं हायती!" तुम्ही काहीतरी कारण सांगाल असं मला वाटलं. चाकात हवा कमी आहे, कंट्रोलरची सही राहिली आहे. तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात, "बाळाचं दूध काढाय गेल्यात. हुतंय एवढ्यात." त्यावर कुणी काही बोललं नाही. जी गोष्ट मी महिनोन्महिने कुजबुजत मागत होते, जी साहेबांच्या तोंडून निघत नव्हती, ती तुम्ही भर स्टँडवर, चार गावची माणसं उभी असताना, गावाचं नाव पुकारावं तशी पुकारलीत. आतमध्ये मला रडू आलं. लाज मात्र वाटली नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

हिरकणीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांजेला दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं मूल, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा मान केला, तिथं बुरूज बांधला, असं सांगतात. लहानपणी त्या गोष्टीत मला कडा दिसायचा. आई झाल्यापासून बंद दरवाजा दिसतो. गडाची शिस्त होती, पहारेकऱ्यांचा दोष नाही, हे कळतं. पण आजही लोकांना बाईनं कडा उतरलेलाच आवडतो. तिला गुलाब देतात, सुपरमॉम म्हणतात, कशी गं सगळं जमवतेस म्हणून डोळे मोठे करतात. दार उघडायची वेळ आली की ऑकवर्ड होतं. मला कौतुक नको होतं, ताई. मला दार हवं होतं. तुम्ही ते उघडलंत आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिलात.

मी बाहेर आले तेव्हा तुम्ही बाटलीकडे बघून नुसती मान डोलावलीत. माझे बर्फाचे पॅक केव्हाच वितळले होते. तुम्ही समोरच्या रसवंतीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ आणून दिलात आणि पैसे घेतले नाहीत. घरी सगळे त्या बर्फाचंच नवल करतात. मला मात्र तुमच्या टाचा आठवतात.

गाडी हायवेला लागल्यावर तुम्ही हिशेब लिहायला माझ्या शेजारी टेकलात. वर न बघताच म्हणालात, "माझा आता धावीला हाय. त्यो लहान असताना मुक्कामी ड्युटी असायची. रातच्याला देवळापुढं गाडी लावायची. मी लिंबाच्या झाडाखाली जाऊन पिळून टाकायची. माझं समदं मातीत गेलं." मग पेन खिशाला लावलंत आणि उतारू उभे राहिले म्हणून उठून गेलात. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. काय बोलायचं होतं, ते अजूनही सापडलेलं नाही.

ज्या बाईसाठी कुणी दार धरलं नाही, तिनं दुसरीसाठी धरलं. मलाही झेपलं होतं, तुम्हालाही झेपेल, असं म्हणणाऱ्या खूप जणी मला भेटल्या आहेत, अगदी माझ्या जवळच्यासुद्धा. सोसलेलं त्या पुढच्या बाईच्या पदरात जसंच्या तसं घालतात. तुम्ही ते स्वतःपाशी ठेवलंत आणि मला बारा मिनिटं दिलीत. माणसातला चांगुलपणा इतका साधा असतो आणि इतका अवघड, हे मी त्या दिवशी बघितलं. ज्यांच्या हातात आख्खी ऑफिसं होती त्यांना जमलं नाही. तुमच्या हातात एक दोरी होती.

ओरडणाऱ्या त्या काकांचंही सांगते. पुण्यात उतरताना त्यांनीच माझी बॅग खाली काढून दिली आणि म्हणाले, "सांभाळून जावा." त्यांचाही राग नाही.

रात्री साडेअकराला घरी पोहोचले. चिऊ झोपली होती. तीनला उठली तेव्हा मी इतकी गाढ झोपले होते की सासूबाईंनी तीच बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरून तिला पाजली. सकाळी रिकामी बाटली ओट्यावर पालथी घातलेली होती. मग चहा पिता पिता मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "नाव काय त्यांचं?" मला सांगता आलं नाही तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. तेवढं एक विचारायला काय झालं होतं तुला, म्हणून.

चिऊ आता वर्षाची झाली. वरणभात खाते, भिंतीला धरून चालते. पंपाची पिशवी मी माळ्यावर टाकली. कोल्हापूर महिन्यातून दोनदा चालूच आहे, आणि खाकी कपड्यातली बाई दिसली की मी आधी पायांकडे बघते.

तुम्हाला पुण्यात कधी मुक्काम पडला तर आमच्याकडे जेवायला या. स्वारगेटपासून रिक्षानं दहा मिनिटं, मी स्वतः न्यायला येईन. सासूबाईंना तुमची ओटी भरायची आहे. खण आणून ठेवलाय, हिरवा, मोरपंखी काठाचा. तांदूळ घरात आहेत. नारळ तुम्ही आलात की आणू.

तुमची,
निळ्या ओढणीवाली