लँडलाइनचा नंबरही पोर्ट व्हायला हवा

महोदय,

मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे. ‘पोर्ट’ आणि आपला नंबर असा मेसेज 1900 वर पाठवायचा, येणारा कोड चार दिवसांच्या आत नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा, की कामाच्या तीन दिवसांत नंबर तिकडे जातो. जुलै 2015 पासून सर्कल, म्हणजे फोनसेवेचा विभाग, बदलले तरी अडत नाही. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो, तरी नोकरीसाठी बंगळूरला गेलेली आमची मुले गोव्याचाच नंबर तिकडच्या कंपनीत चालवतात. लँडलाइनचा नंबर मात्र त्याच वाड्यावर, त्याच घरात राहूनही दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. पोर्टिंगचे नियम फक्त मोबाईललाच लागू आहेत.

याचा त्रास काय असतो ते आमच्या देवस्थानच्या कचेरीत पाहिले. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, की फोन डेड. लाइनमन येऊन जोडून जायचा, पण जोराचा पाऊस लागला की पुन्हा खरखर. शेवटी महाजनांनी, म्हणजे देवस्थानचा कारभार पाहणाऱ्यांनी, दुसऱ्या कंपनीचा फायबर घेतला. आवाज स्वच्छ, इंटरनेटही चांगले. पण नंबर नवा. जुना नंबर जत्रेच्या पत्रिकांवर, पावतीपुस्तकांवर, अग्रशाळेच्या (भाविकांच्या मुक्कामाच्या इमारतीच्या) पाटीवर आणि मुंबई, कारवार, मंगळूरच्या कुळाव्यांच्या, म्हणजे हे कुलदैवत असलेल्या भाविकांच्या, डायऱ्यांत. अभिषेकासाठी, खोलीसाठी फोन करायचा तो याच नंबरावर, हे त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेले. आता तो लागत नाही. कारवारचे एक वयस्क कुळावी कित्येक दिवस फोन लावत राहिले आणि अखेर खोली न ठरवताच बसने आले. त्या दिवशी अग्रशाळा भरलेली होती. नवा नंबर छापून घेता येतो, पण घरोघरच्या डायरीत तो कोण लिहिणार? गावचे दवाखाने, जुनी दुकाने, पंचायती यांचीही हीच अडचण आहे. म्हणून कित्येक जण वाईट सेवा सोसतात, पण नंबर सोडत नाहीत.

‘आता लँडलाइन वापरतो कोण?’ असे विचारणाऱ्यांनी सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत यावे. डोंगराच्या कुशीत, जाड चिऱ्यांच्या भिंतींच्या घरात मोबाईलला रेंज मिळायची तर अंगणात जावे लागते. ज्येष्ठांना ते रात्री-अपरात्री जमणारे नाही.

तांत्रिक अडचण आहे, हे मान्य. गोव्याच्या 0832 या कोडनंतरच्या पहिल्या आकड्यावरून फोन कोणत्या कंपनीचा ते एक्स्चेंजला कळते, त्यामुळे नंबर कंपनीशी बांधलेला राहतो. पण मोबाईलच्या नंबरांच्या मालिकाही कंपन्यांना वाटूनच दिलेल्या होत्या. पोर्ट झालेले नंबर एका मध्यवर्ती यादीत नोंदवून कॉल योग्य कंपनीकडे वळवायची व्यवस्था उभी केली, आणि ती रोज चालते. अमेरिकेत 1996 च्या कायद्यानेच स्थानिक फोन कंपन्यांवर नंबर पोर्ट करून देण्याचे बंधन घातले, तेही घरगुती फोनसाठी. आणि आमच्याकडे पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या गोव्याला कोड एकच. सुरुवात करायला याहून सोपी जागा कुठली?

दूरसंचार खाते आणि ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) यांनी लँडलाइन पोर्टिंगचा प्रश्न हाती घ्यावा. गोव्याचे लोकसभेतले दोन आणि राज्यसभेतले एक, तिन्ही खासदारांनी तो संसदेत विचारावा. ते होईपर्यंत एक साधे काम कंपन्यांना सक्तीचे करता येईल: ग्राहक सोडून गेला तर जुन्या नंबरावर किमान वर्षभर ‘हा नंबर बदलला आहे, नवा नंबर असा’ ही सूचना मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत ऐकवावी, आणि तोवर तो नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नये.

— एक वाचक, फोंडा