गोल्फचे मैदान करायचेच, तर रोक्कोसारखे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिखलदऱ्याचे पर्यटन वाढवायचा विषय निघाला, की गोल्फच्या मैदानाचे नाव हमखास येते. आमचा त्याला विरोध नाही, पण नमुना नीट निवडावा. जपानमध्ये कोबे शहरामागच्या रोक्को डोंगरावर आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याने १९०१ मध्ये झुडपे व दगड काढून फक्त चार होल (चेंडू घालायचे खळगे, प्रत्येकाचा आपला खेळायचा पट्टा) केले. १९०३ मध्ये नऊ झाले, १९०४ मध्ये अठरा. जपानमधले हे पहिले गोल्फ मैदान आजही चालू आहे. उंची ८०० मीटरच्या वर. अठरा होल मिळून लांबी जेमतेम ४,००० यार्ड, पार (चांगल्या खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके) ६१. एरवी मोठ्या मैदानाला साडेसहा-सात हजार यार्ड लागतात आणि पार ७२ असतो. डोंगर सपाट करण्यापेक्षा खेळच आखूड ठेवला, हे आम्हाला फार शहाणपणाचे वाटते.

आपल्या कामाची खरी गोष्ट म्हणजे तिथले पहिले ग्रीन (खळग्याभोवतीची गुळगुळीत जागा) वाळूचे होते. गवत पुढे आले. तीस हेक्टर हिरवळीला मे महिन्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी १५ लाख लिटर होते, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दीडशे खेपा. एवढे पाणी डोंगरावर आहे कुठे?

वाळूचा ग्रीन १० मीटर व्यासाचा पुरतो. काळी माती पूर्ण काढावी. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे सगळे उखडते. मग १५ सेंटिमीटर मुरूम, दोन थरांत, पाणी मारून रोलरने दाबलेला. सैल मुरूम पाचेक ब्रास लागेल. मध्यापासून कडेला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. त्यावर चाळलेली बारीक वाळू दोन सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त. थर जाड झाला तर चेंडू रुततो, पातळ झाला तर मुरुमावरून उडतो. खेळण्याआधी हलके पाणी शिंपडून फळी ओढावी. वाळू बसावी म्हणून तेल टाकायची जुनी पद्धत आहे, ती इथे अजिबात नको; पहिल्याच पावसात ते तेल नाल्यात उतरेल.

चढाच्या बाजूने चर हवाच, नाहीतर आपला पाऊस एका रात्रीत वाळू वाहून नेतो. रोक्कोचे मैदान हिवाळ्यात बंद असते. आपले जून ते सप्टेंबर बंद ठेवावे आणि मेअखेर वाळू गोळा करून ताडपत्रीखाली झाकावी. बाकी मैदानात हरळी. उन्हाळ्यात पिवळी पडली तर पडू द्यावी, पावसात ती पुन्हा फुटते.

जागा मेळघाटच्या जंगलाला लागून असेल, तर तारेचे कुंपण आणि रात्रीचे दिवे दोन्ही नकोत. आराखडा करणाऱ्यांनी मे महिन्यात विहिरी-तलावांची पातळी मोजावी आणि मगच कागदावर होलचा आकडा लिहावा.

आपले,
मैदान व बागकाम करणारे काही वाचक, परतवाडा (जि. अमरावती)