गाडीचं पाणी कुठं जातंय ते शोधून देणाऱ्या आमच्या मेकॅनिक चाचांना

चाचा, सलाम. परवा पैसे देताना नीट बोलताच आलं नाही, मागं दोन रिक्षा थांबलेल्या आणि तुमचे हात ग्रीसमध्ये, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच, पण सोलापुरातल्या बाकी गाडीवाल्यांनी पण वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्हाला माहितीये, ती गाडी माझ्या एकट्याची नाही, आम्हा चार शिक्षकांची रोजची अक्कलकोटची अप-डाऊन त्याच्यावर आहे. फेब्रुवारीपासून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी व्हायला लागलं, आठवड्याला अर्धा लिटर तरी जायचंच, आणि पार्किंगमध्ये खाली बघावं तर एक थेंब नाही. मी आपला बाटलीनं पाणी ओतत राहिलो. मग एप्रिलमध्ये, बाहेर 42 डिग्री, वाटेत वळसंगच्या अलीकडं टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला आणि बोनेटमधनं वाफ. वार्षिक परीक्षेचा दिवस होता ओ, पोरं वर्गात बसलेली आणि आम्ही चौघं लिंबाखाली उभे.

एका ठिकाणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह, बदलून दिला, पंधरा दिवसांनी परत तेच. दुसऱ्या ठिकाणी दोन मिनिटांत सांगून टाकलं की पाणी बाहेर दिसत नाही म्हणजे इंजिन पितंय, हेड गास्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) बसतो तिथलं सील, गेलं, हेड खोलावं लागेल, 35 हजार तयार ठेवा. पोरीच्या ऍडमिशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढायचं आमचं घरी ठरलं पण होतं.

आणि मग तुमच्याकडं आलो. तुम्ही पाना हातात घेतलाच नाही आधी. "सर, पाणी जातंय कुठं ते बघू, इंजिन कुठं पळून जात नाही," म्हणालात आणि विचारत बसलात. गरम ट्रॅफिकमध्ये होते का हायवेला? सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो का? गाडीत गोडसर वास, पायाखालचं मॅट ओलं? काटा लालला किती वेळा गेला, आणि गरम इंजिनमध्ये गार पाणी ओतलं का? एवढं मला कोणीच विचारलं नव्हतं.

गाडी रात्रभर तुमच्याकडं ठेवून घेतली, कारण गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. सकाळी ऑइलचं झाकण काढून मला दाखवलंत, आतून स्वच्छ, ताकासारखा फेस नाही. मग ती निळं पाणी भरलेली काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून, इंजिन चालू ठेवून रबरी फुगा दाबत राहिलात. हेड गास्केट फुटलं असेल तर सिलेंडरचा गॅस पाण्यात येतो आणि निळं पाणी पिवळं पडतं हे मला तेव्हा कळलं. निळं ते निळंच राहिलं. त्या क्षणी मला किती हलकं वाटलं ते तुम्हाला सांगता येणार नाही.

मग इंजिन परत गार होऊ दिलंत आणि झाकणाच्या जागी प्रेशरचा पंप लावून एक बारपर्यंत हवा भरली. अर्धा तास गेला, पंपाचा काटा हलला नाही. दुसरा कोणी असता तर लीक नाहीच म्हणून मोकळा झाला असता, तुम्ही म्हणालात हे गारमध्ये धरतंय, गरममध्ये बघू. पंप तसाच ठेवून इंजिन चालू केलं, फॅन दोनदा लागेपर्यंत वाट बघितली, बंद केलं, आणि काटा हळूहळू खाली यायला लागला.

बॅटरी काढून, टॉर्च आणि तो छोटा दांड्याचा आरसा घेऊन तुम्ही इंजिनच्या मागं बघितलंत आणि मला बोलावलंत. गिअरबॉक्सच्या वर होज (पाण्याचा रबरी पाइप) बसतो तो प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड, त्याच्या सांध्याला हिरवट पांढरा थर, विहिरीच्या पोहऱ्याला क्षार धरतात तसा. नखानं खरवडला तर खाली केसाएवढी चीर. गार असताना मिटलेली, गरम झाली की उघडायची, आणि जे थेंब येत होते ते तापलेल्या ब्लॉकवरच उडून जायचे, जमिनीपर्यंत पोचणार कुठनं!

एवढ्याशा चिरेनं गाडी गरम कशी होते हे पण तुम्हीच समजावलंत, मी 18 वर्षं पोरांना विज्ञान शिकवतोय पण गाडीत हे कधी बघितलं नव्हतं. उघडं पाणी 100 डिग्रीला उकळतं, बंद सिस्टममध्ये एक बारचं प्रेशर वर असलं तर तेच 120 च्या आसपास, म्हणजे चिरेतनं नुसतं पाणी जात नव्हतं, प्रेशर पण जात होतं आणि आतलं पाणी लवकर उकळत होतं. आणि पाणी फार कमी झालं की सेन्सर उघडा पडतो, मग टेंपरेचरचा काटा खाली आला तरी इंजिन गार झालंय असं समजायचं नाही. हे सगळ्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवा बरं का.

बोअरच्या पाण्याबद्दल रागावलात ते पण बरोबर होतं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, म्हणून मी बोअरचंच ओतत होतो, त्याचा गंज आणि क्षार फ्लशमध्ये, म्हणजे सिस्टम आतून धुताना, निघाले ते मी बघितले. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. हीटर फुल्ल ठेवून, होज दाबून दाबून बुडबुडे थांबेपर्यंत आत अडकलेली हवा काढत तुम्ही पाऊण तास उन्हात उभे होता, रोजा असताना.

सगळ्या दुरुस्तीचे मिळून 1,900 रुपये घेतले. मी वर देत होतो ते परत खिशात कोंबलेत.

कूलंटच्या टाकीवर तुम्ही मार्करनं रेघ मारून दिली होती ना, रोज सकाळी गाडी गार असताना बघतोय. अजून रेघेवरच आहे. आई म्हणतीये त्यांना शेंगा चटणी आणि कडक भाकरी द्यायचीये, तर शुक्रवार सोडून कधी येऊ तेवढं मुलाकडनं कळवा.